डिंप्ना हॅकेटचा पाहुणा

आमच्या कोल्ह्यांच्या शिकार मंडळात पाहुणा म्हणून घोडा घालायचा, तर आधी डिंप्ना हॅकेटच्या स्वयंपाकघरातून पार पडावं लागतं. बाई दुधाच्या धंद्यातली, साठी उलटलेली, आवाज असा की गाई आपसूक रांगेत उभ्या राहतात. ती चहा पुढे ठेवते, पण घोट काही घेऊ देत नाही.

“त्यांना कुत्रे म्हणायचं नाही. हाउंड म्हणायचं. घोडा लाथा झाडत असेल तर शेपटीला लाल फीत बांधा. हाउंड जवळून गेले की घोड्याचं तोंड त्यांच्याकडे, ढुंगण नव्हे. घरी निघताना मास्टरला, म्हणजे शिकारीच्या म्होरक्याला, ‘शुभ रात्री’ म्हणायचं, भर दुपार असली तरी. आणि मास्टरच्या पुढे मेलं तरी जायचं नाही.”

हे सगळं मान डोलावत ऐकणारा यंदाचा पाहुणा म्हणजे लोर्कन स्वीटमन, डब्लिनचा दातांचा डॉक्टर. त्याने नदीकाठची अख्खी जमीन घेऊन चहूबाजूंनी काटेरी तार ठोकली होती आणि फाटकाला कुलूप घातलं होतं. आमचे कोल्हे नेमके तिकडेच पळतात. ती जमीन बंद राहिली तर मंडळाचा गाशा गुंडाळायचा, हे सगळ्यांना कळत होतं. गडी खूश झाला तर फाटक उघडेल, एवढीच काय ती आशा.

आमचे मास्टर कॉन लॅनिगन यांना मात्र ते पटत नव्हतं. “त्या दातपाड्याची मनधरणी मी नाही करणार!”

“मनधरणी नको रे बाबा. नीट बोललास तरी पुरे,” डिंप्ना म्हणाली.

शनिवारी सकाळी डॉक्टरने टोपी उंचावून “सुप्रभात, मास्टर” म्हटलं, तर कॉन पठ्ठ्याने आभाळाकडे बघत पावसाची चौकशी केली. मला तर चाबूक फेकून मारावासा वाटला.

थोड्याच वेळात हाउंडना कोल्ह्याचा वास लागला आणि ते तारेखालून थेट डॉक्टरच्या जमिनीत घुसले. आम्ही सगळे कुलपापाशी अडकलो.

“किल्ली कुणाकडे आहे?” कॉन गरजला.

सगळ्यांच्या मागून एक हात वर झाला. “माझ्याकडे.”

“मग आणा ना इकडे!”

“कसा येऊ? पुढे तुम्ही आहात.”

“अहो डॉक्टर, या की!” डिंप्ना ओरडली.

“बाई, तुम्हीच म्हणालात, मेलं तरी नाही.” चेहरा असा गंभीर, जणू समोरच्याची दाढ उपटतोय. भोळा होता की बेरकी, मला अजून कळलेलं नाही.

“डिंप्ना, आवर तुझे नियम!”

“नियम बरोबर आहे, कॉन. ही जमीन त्यांची. मग इथे पाहुणा कोण?”

हाउंडचा आवाज लांब लांब चालला होता. कॉनचे कान लालबुंद झाले. अखेर त्याने घोडा वळवला, आम्हा सगळ्यांच्या मधून मागे गेला आणि टोपी काढली.

“सुप्रभात, डॉक्टर. तुमच्या जमिनीवर पाहुणा म्हणून येऊ का?”

डॉक्टरने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “घोडा लाथा झाडतो का?”

“घोडा नाही झाडत,” डिंप्ना म्हणाली.

तेव्हा कुठे डॉक्टर हसला. त्याने पुढे होऊन फाटक उघडलं, आणि कॉन लॅनिगन उभ्या जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या मागून निघाला. कुलूप डिंप्नाने आपल्या खिशात टाकलं. डॉक्टरने ते पुन्हा कधी मागितलं नाही.