काकांचा कान

बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकल्याशिवाय जगातली कुठलीही वस्तू खरी मानायची नाही, असा आमच्या शेजारच्या काकांचा बाणा होता. हिंदी मुलखातल्या रांझीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये त्यांची-आमची भिंत एकच, त्यामुळे सकाळी ते माठ ठोकत तेव्हा आमचं घर जागं होई. माठ, नारळ सगळेच ठोकतात. काका पाहुण्यांची ट्रंकसुद्धा ठोकत. मुलगी पाहायला गेले तेव्हा त्यांनी चहाचा कप वाजवून तडकलाय म्हणून परत पाठवला आणि मुलगी मात्र न ठोकता पसंत केली, हे काकू फार कौतुकाने सांगायच्या. तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत त्यांचं कामच ते होतं. तोफगोळ्याच्या रिकाम्या कवचावर छोटी हातोडी मारायची, आवाज खणखणीत आला तर खडूने खूण करून पास, बद्द आला तर बाद.

पुढे लढाई लागली त्या वर्षी तिन्ही पाळ्या सुरू झाल्या आणि यंत्रांच्या गोंगाटात काकांचा कान गेला अशी कुजबुज उठली. साहेबांनी त्यांच्याकडून हातोडी काढून घेतली. सकाळचा माठही थांबला, आणि खरं सांगतो, मला त्या शांततेत झोप लागेना. म्हणून रविवारी त्यांना बसने शहरात फिरवायला नेलं. सराफ्यात एरवी काकांना पाहताच चांदीचे पेले आत सरकवणारा दुकानदार त्या दिवशी आपणहून म्हणाला, "बाबूजी, बजा के नहीं देखेंगे?" काकांनी हात खिशात घातले.

नेपियर टाउनमध्ये शिल्पांचं प्रदर्शन लागलं होतं. घागर घेतलेल्या एका संगमरवरी बाईला कमरेत दोर बांधून चौथऱ्यावर चढवण्याची तयारी चालली होती. जाता जाता सवयीने काकांचं बोट तिच्यावर पडलं. ते थांबले. पुन्हा ठोकलं.

"भैया, उठाओ मत. कमर में फूटी है."

"हाथ मत लगाइए!" दाढीवाला शिल्पकार ओरडला. "साल भर की मेहनत है."

लोक हसले. शरमेने मी काकांची बाही ओढली.

"काका, चला."

"काहून चला? माझा कान गेला असं तूही म्हणून राहिला का?"

मी बाही सोडली, कारण मी तसंच समजत होतो. काकांनी कोपऱ्यातली पाण्याची बादली उचलली, मूर्तीच्या कमरेवर ओतली आणि रुमालाने पुसून काढली. हळूहळू सगळा दगड वाळला. पाठीपासून पोटापर्यंत केसाएवढी एक रेघ तेवढी ओली राहिली.

शिल्पकाराचा चेहरा उतरला. कमरेतला दोर सोडला, बैठकीखाली फळी गेली, आठ जणांनी हात लावले आणि बाई घागरीसकट अखंड वर चढली. टाळ्या वाजल्या. शिल्पकार काकांच्या पायांशी वाकला, तसे ते म्हणाले, "पास नहीं करूँगा. लेकिन रहने दो. तोफेत थोडीच घालायची आहे हिला!"

परतताना त्यांनी सराफ्यातले झाडून सगळे पेले वाजवले. सोमवारी साहेबांपुढे कवचांच्या ढिगातून तडकलेलं एक काढून दिलं आणि हातोडी परत घेऊन आले. मंगळवारी पहाटे माठ वाजला.

रिटायर झाल्यावर कान खरोखरच गेला. तरी दर उन्हाळ्यात नवा माठ मांडीवर घेऊन ते दारात बसत, ठोकत आणि माझ्या तोंडाकडे पाहत.

"काय म्हणतो रे?"

"पास, काका!"

मग खिशातून खडू काढून ते माठावर खूण करत. शेवटच्या उन्हाळ्यातल्या माठाचा आवाज बद्द येत होता. मी तेव्हाही पासच म्हणालो.