फुल बाहीचा शर्ट

एसटी सुटायला आली होती तेव्हा वसंत धापा टाकत पोचला. कागदात गुंडाळलेला पांढरा शर्ट त्याने खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला. "पक्या, तकडे ऊन लय आसता म्हणतत. ह्यो घालूनच बॉल टाक. बाही दुमडू नको हां." बाजूला उभी असलेली आई एवढंच म्हणाली, "वसंताक विसरू नको रे." मी दोघांच्या तोंडाकडे न बघता बॅग सीटखाली सरकवत राहिलो. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा आपण सुटलो असं वाटलं. ते वाटणं मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

वाडीच्या मंडळाने यंदाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे 'आपला गोलंदाज कुवेतमध्ये' असा लेख मागितला, आणि स्पर्धेला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलंय. तर हा लेख.

आताच्या पोरांना माहीत नसेल, पण आपल्या वाडीचा खरा फास्ट बॉलर वसंत. आज भाताची गिरण चालवतो तोच. मी दोन नंबरचा. एका बाजूने तो टाकायचा, दुसऱ्या बाजूने मी. मी टाकताना तो मिडऑफला उभा, तो टाकताना मी. मी गेलो त्या वर्षी शेजारच्या गावातला एक फोरमन कुवेतहून सुट्टीवर आला होता. त्याच्या कंपनीच्या टीमला बॉलर हवा होता. व्हिसा एकच. वाडीच्या स्पर्धेची फायनल संपल्यावर मंडपामागे त्याने माझ्या हातात सरबताचा ग्लास दिला आणि विचारलं, "वसंताचो हात सरळ आसा मां? तकडे भट्टा चालाचो नाय." कोपरात हात वाकवून चेंडू फेकला की आपण त्याला भट्टा म्हणतो. तो नो-बॉल.

वसंतचा हात माझ्याइतका जवळून कोणी बघितला नव्हता. पट्टीसारखा सरळ. मी म्हटलं, "इकडचे अंपायर दुर्लक्ष करतत, म्हणान चलता."

बस्स, एवढं एकच वाक्य. व्हिसा मला आला. फोरमनच्या तोंडात काही राहत नसे. ते वाक्य तालुक्यातल्या अंपायरांपर्यंत गेलं. पुढच्याच स्पर्धेत वसंतला एका ओव्हरमध्ये तीन वेळा भट्टा दिला. त्याने चेंडू खेळपट्टीवर ठेवला आणि चालत मैदानाबाहेर गेला. पुन्हा कधी चेंडूला हात लावला नाही. आईने हे फोनवर सांगितलं. म्हणाली, "कोणीतरी मुद्दाम केल्यान." मी "आवाज येत नाही गो" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला येत होता.

इकडे माझं छान चाललं. सिव्हिल आयडीवर, म्हणजे इथल्या ओळखपत्रावर, धंदा एसी हेल्पर, पण कंपनीने मला ठेवलं होतं ते बॉलिंगसाठीच. मंगफ या कामगारवस्तीतल्या खोलीत आम्ही सहा जण. बाकीचे पाच एसीचे डक्ट चढवायला जायचे तेव्हा मला प्रॅक्टिसची सुट्टी. "साहेब निघाले हात दुखवायला," असं म्हणत ते माझा डबाही भरून ठेवायचे. शुक्रवारी वाळूच्या मैदानात सिमेंटच्या पट्टीवर हिरवी मॅट अंथरायची आणि सामना. विकेटा पडत गेल्या, इथे राहायचा परवाना, इकामा, रिन्यू होत गेला. कंपनीच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, एकदा माझा खांदा थोपटून विचारलं, "तुझ्या गावात अजून असा कोणी आहे?" व्हिसा द्यायला तो तयार होता. मी म्हटलं, नाही. हे दुसरं वाक्य. पहिलं तरी घाईत निघालं होतं.

पुढे लग्न झालं. बायको जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात नर्स, मुलगी इथेच वाढली. खांदा गेला, आता चाळिशीपुढच्यांच्या टीममध्ये दोन-तीन ओव्हर टाकतो. गेल्या हिवाळ्यात टीमचा नवीन टी-शर्ट आला, अर्ध्या बाह्यांचा. मुलीने मोबाइलवर माझी ओव्हर काढली आणि घरी स्लो मोशनमध्ये लावून हसत सुटली. "बाबा, लुक! युअर एल्बो! यू आर थ्रोइंग इट!"

मी परत परत लावून बघितलं. हात वाकत होता. प्रत्येक चेंडूला. इतकी वर्षं तो फुल बाहीत झाकलेला होता. वसंतचा शर्ट फाटला तेव्हा मी तसाच दुसरा घेतला, मग तिसरा. सवय म्हणून.

त्याला फोन लावला. विचारलं, "वश्या, माझो हात वाकता, ता तुका म्हायत होता?"

मागे गिरण चालू होती. तो मोठ्याने हसला. "मेल्या, मिडऑफाक कोण उभो ऱ्हवायचो? म्हणान तर शर्ट दिलंय."

तेव्हा सांगायला हवं होतं. मी त्याला भाताचा भाव विचारला.

माझा खोटा हात त्याने झाकला आणि त्याच्या खऱ्या हाताला मी खोटं म्हटलं. मंगफमध्ये आपल्या वाडीची जी पोरं आहेत, जी मला 'काका, तुम्ही वाडीचं नाव काढलंत' म्हणतात, त्यांनीही हे वाचावं. ज्याने नाव काढलं असतं त्याला मी इकडे येऊ दिलं नाही.

'छापण्याआधी हा लेख कोणीतरी वसंतला वाचून दाखवा,' असं वर मी लिहिलं होतं. ते खोडलं. म्हणजे पुन्हा मंडपामागेच बोलल्यासारखं झालं असतं. मी चार दिवस आधी येतोय. एसटीतून उतरून सरळ गिरणीत जाईन, आणि गिरण बंद करायला सांगून, ऐकू येईल असं बोलेन. त्याने 'छापू नको' म्हटलं तर हा कागद परत घेईन. छापा म्हटलं तरच तुम्ही हे वाचत असाल. पाहुण्याची खुर्ची मात्र दुसऱ्या कोणाला तरी द्या.

घराची आठवण येते का, असं इथे सगळे एकमेकांना विचारतात. मला घर आठवतं ते पडवी, माड वगैरे नाही. इथे वाळूत चेंडू घेऊन वळलो की अजून नजर आधी मिडऑफकडे जाते. तिथे कोणीही उभा असला तरी ती जागा मला रिकामी दिसते.