आधी राम राम, मग गाय

आमच्या राहुरीकडं गुरांचे एक डॉक्टर हायेत. दिवसभर फोन घेऊन वैतागले, तवा मला पायथनमधी प्रोग्राम करायला लावला. लोकांनी ग्रुपवर मेसेज टाकायचा, "गाव अमुक, गाय, चारा खात न्हाई." प्रोग्रामनं वाचून ते डॉक्टरांच्या फेरीत घालायचं. मी पॅटर्न, म्हंजे मेसेजचा साचा, लिहिला आन् 'मॅच' लावलं. मॅच बघतं फक्त ओळीच्या सुरुवातीला. तिथं 'गाव' न्हाई, तर मेसेज सोडून देतं.

आता आमच्याकडं एकदम 'गाव' म्हनून सुरू कोन करतंय? आधी राम राम, मग "जेवान झालं का साहेब", मग कुठं गाय. मी दर नमस्काराला एक इफ लावला, म्हंजे 'असं आलं तर असं कर'. न्हाई जमलं तर एल्स, एल्सच्या पोटात परत इफ. कोड उजवीकडं सरकत सरकत पार स्क्रीनच्या भाईर. रोज नवा नमस्कार, रोज नवा इफ. जीव नको झाल्ता.

शेवटी ग्रुपवर टाकलं, नमस्कार लिहू नका, थेट 'गाव'पासून सुरू करा.

शेजारच्या काकूंचं उत्तर, "राम राम. उद्यापासून न्हाई लिहीत."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली आन् काकू कुंपनावरून वरडल्या, "आरं, गाय अडलीय! सकाळीच टाकलाय की मेसेज!"

बघतो तर, "जय हरी साहेब, राम राम लिहायचं न्हाई म्हनून लिहिलं न्हाई. गाव देवळाली, गाय अडली."

डॉक्टरांना फोन लावला. "फेरीत न्हाईत तुझ्या काकू."

"फेरी ऱ्हाऊ द्या साहेब, तुमी या."

आले. कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवत हुते. एरवी त्यांच्या कन्हन्याची नक्कल करून मी गावाला हसवतो. त्या दिवशी मी नुसतं गरम पानी आनून देत हुतो. काकू गायीच्या मानेवर हात ठेवून उभ्या.

वासरू जितं निघालं.

मी तिथंच गव्हानीवर लॅपटॉप घेऊन बसलो आन् सगळे इफ उडवले. मॅचच्या जागी 'सर्च', म्हंजे ओळीत कुठंबी 'गाव' सापडू दे. शोधायचं आन् सापडलं का बघायचं, एकाच ओळीत. लई थकलो हुतो, पन कोड पहिल्यांदा सरळ दिसला.

काकूंनी चहा आनला. "काय करतो रं?"

"तुमच्या राम रामाला जागा करतोय."

"मंग लिहू ना आता?"

"लिहा की, काकू."

संध्याकाळी ग्रुपवर आलंच, "राम राम साहेब, जेवान झालं का, वासरू उठून पितंय."

त्यात 'गाव' नव्हतं. प्रोग्रामनं सोडून दिलं. ह्या खेपेला बरोबर सोडलं.