रेस देणारा हात

वर्तकनगरमध्ये आनंदा सुरवाडेच्या चेहऱ्यापेक्षा त्याचं उजवं मनगट जास्त ओळखीचं होतं. गिऱ्हाईक मोटरसायकल आणून उभी करायचं, तक्रार सांगायला तोंड उघडायचं, की आनंदा डावा हात वर करून त्याला गप्प करायचा. मग मान तिरकी करून उजव्या हातानं मूठ पिळायचा. दोन छोट्या रेस, एक लांब. लांब रेस उतरेपर्यंत त्याचं निदान झालेलं असे. टायमिंग चेन सैल आहे, नाहीतर टॅपेट वाजतोय, नाहीतर कार्बोरेटरमध्ये कचरा बसलाय. सत्तावीस वर्षांत आपण एकदाही चुकलो नाही असं तो सांगायचा. चुकलाच असेल तर त्या दिवशी गिऱ्हाइकानं भेसळीचं पेट्रोल भरलं होतं, हेही तोच सांगायचा.

वसाहतीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, पान्यांच्या दोन पेट्या आणि एक बाकडं, एवढंच त्याचं गॅरेज. पण एप्रिलचा पहिला पंधरवडा आला की तिथं पाय ठेवायला जागा नसे. चौदा एप्रिलच्या रॅलीसाठी वस्तीतल्या यच्चयावत पोरांच्या गाड्या आनंदाच्या हाताखालून जात. रॅलीत आपली गाडी बंद पडली तर वर्षभर चिडवतील, ही भीती पोरांना पोलिसांपेक्षा मोठी. मिरवणूक निघाली की आनंदा नवा पांढरा सदरा घालून कोपऱ्यावर उभा राहायचा आणि शंभर-दीडशे इंजिनांच्या गोंगाटातून एकेक ओळखायचा. लोकांचे कान किटायचे, याची छाती फुगायची.

ती छाती गेल्या तीन-चार वर्षांत हळूहळू बसली. आधी जेवण पोचवणाऱ्या पोरांनी भाड्याच्या बॅटरीवाल्या गाड्या घेतल्या. मग शाळेत पोरं सोडणाऱ्या बायकांनी घेतल्या, मग पेन्शनरांनी. त्या गाड्यांत ऑइल नाही, प्लग नाही, क्लच प्लेट नाही. बिघडल्या तर लॅपटॉप जोडायचा, काय बिघडलंय ते पडद्यावर लिहून येतं. आनंदाला त्यात फक्त पंक्चर काढता यायचं, आणि तेही पोरं ट्यूबलेस टायरचं किट घेऊन स्वतः काढू लागली. या वर्षीच्या रॅलीत निम्म्या गाड्या त्याच्यासमोरून आवाज न करता निघून गेल्या. पुढच्या महिन्यात त्यानं शेड मोकळी केली.

बायको नीला पाळणाघर चालवायची. कोलशेतला एका बॅटरी गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये माणूस हवाय, ही बातमी तिनंच पाळणाघरातल्या एका आईकडून आणली. तीन महिने उमेदवारी, जमलं तर कायम. चोपन्नाव्या वर्षी उमेदवारी! दुसरा कुणी असता तर फणकारला असता. आनंदा एक दिवस फणकारला आणि दुसऱ्या दिवशी दाढी करून गेला. कारण ही हुकली तर त्याच्या वयाच्या माणसाला दुसरी संधी कुणी देणार नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुपरवायझर ऋतुराज पोरसवदा, डोंबिवलीचा, स्वच्छ हातांचा. पहिल्याच दिवशी त्यानं आनंदाला बाजूला घेतलं.

"काका, तुमचा अनुभव मान्य. पण एकच रूल डोक्यात फिट करा. गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे, असं इथे नसतं. हात लावायच्या आधी चावी काढायची आणि स्वतःच्या खिशात टाकायची. चुकून मूठ पिळलीत ना, गाडी डायरेक्ट सुटेल. याच्यावरून आधीच दोन जणांना घरी पाठवलंय मी."

"पिळतोय कशाला? ऐकायला काय आहे तिच्यात!" आनंदा म्हणाला.

बोलणं सोपं होतं. मनगट ऐकेना. गाडीजवळ गेलं की ते आपोआप मुठीवर जाऊन बसे आणि वळे. चावी खिशात असायची म्हणून काही व्हायचं नाही, पण आनंदाला घाम फुटायचा. घरी नळ सोडतानाही तो दोन छोटे, एक मोठा असा पिळायचा, बादलीबाहेर पाणी उडायचं आणि नीला हसून लोटपोट व्हायची. "अहो, नळाचं टॅपेट बरंय ना?" ती विचारायची. तोही हसायचा. मग त्यानं एक युक्ती काढली. सेंटरमध्ये शिरल्यापासून उजव्या हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून ठेवायचा, म्हणजे हात रिकामा सापडणारच नाही. दहा आठवडे ही युक्ती चालली. मोटरचा कंट्रोलर काढणं-बसवणं तो शिकला, लॅपटॉपवरचे कोड वहीत मराठीत उतरवून पाठ केले. ऋतुराज त्याला "काका" ऐवजी "आनंदाकाका" म्हणायला लागला. घरात नीलानं बऱ्याच दिवसांनी खीर केली.

अकराव्या आठवड्यात दामाजी आला.

दामाजी कोलशेत गावचा कोळी, सत्तरीला टेकलेला. आनंदाचं जुनं गिऱ्हाईक. खाडीची कोळंबी आणि चिंबोऱ्या क्रेटमध्ये भरून तो रोज सकाळी मोटरसायकलवरून घोडबंदर रोडच्या टॉवरांत विकायला न्यायचा. ती मोटरसायकल एकोणीस वर्षं आनंदानं जगवली होती. शेवटी तिचे पार्ट मिळेनासे झाले, तेव्हा मुलानं, अनिशनं, म्हाताऱ्याला बॅटरीची स्कूटर घेऊन दिली. बायको सरस्वती गेल्यापासून दामाजीला घर खायला उठे. टॉवरांतल्या बायका, वॉचमन, लिफ्टवाले, हेच त्याचं गणगोत होतं. घासाघीस करता करता त्यांच्याशी जे बोलणं होई, त्यावर त्याचा दिवस निघायचा.

तो आत आलाच नाही. काउंटरवर नंबर घेऊन बसणं त्याला पटत नव्हतं. फाटकाबाहेरच स्कूटर उभी करून त्यानं हाक मारली, "आनंदा! ए आनंदा, आयलू रं मी!"

आनंदाला काय आनंद झाला म्हणून सांगावं. इतक्या आठवड्यांत या जागेत त्याला त्याच्या नावानं हाक मारणारं जुनं माणूस पहिल्यांदा आलं होतं. हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर टाकून तो बाहेर धावला.

"दामाजीमामा! अरे वा, बॅटरीवाले झालात!"

"चार दिसांत शिकलू. आवाज नाय, धूर नाय. पन हितं काईतरी कुरकुरतंय बग," दामाजी म्हणाला आणि चावी तशीच चालू ठेवून, स्कूटरचं हँडल आनंदाच्या हातात देऊन पुढे गेला. पुढच्या चाकाजवळ, फाटकाच्या खांबाला पाठ लावून तो वाकला आणि बोटानं दाखवू लागला. आनंदानं गाडी आत घ्यायची म्हणून पायानं स्टँड वर केला. दामाजी सांगतच होता. तेव्हा, एकोणीस वर्षं करत आला तसंच, आनंदानं डावा हात वर करून त्याला गप्प केलं, मान तिरकी केली आणि उजव्या हातानं मूठ पिळली.

पहिल्याच छोट्या रेसला गाडी सुटली.

आवाज झाला तो फक्त खांबाचा आणि हाडाचा. दामाजीचा उजवा गुडघा चाक आणि खांब यांच्यामध्ये सापडला होता. आनंदानं गाडी मागे ओढली, फेकली, खाली बसून म्हाताऱ्याला धरलं. आतून ऋतुराज आणि दोघे-तिघे धावत येत होते. दामाजीचं तोंड पांढरं पडलं होतं. त्यानं आनंदाकडे बघितलं, मग त्याच्या छातीवरच्या उमेदवाराच्या बिल्ल्याकडे बघितलं. उमेदवारीची सगळी कहाणी त्याला आनंदानंच फोनवर सांगितली होती.

"माजाच हात लागला," धावत आलेल्यांना तो म्हणाला. "पुढून मूठ धराया गेलू. याचा काय दोष नाय."

ऋतुराजनं आनंदाकडे पाहिलं. "आनंदाकाका, असंच झालं ना?"

आनंदानं मान हलवली. होकाराचीच. ती का हलली याची कारणं तो पुढं स्वतःला पुष्कळ देत राहिला, पण मान हलवली हे खरं. रिपोर्टमध्ये ग्राहकाची चूक असं लिहिलं गेलं.

गुडघ्यात प्लेट घालावी लागली. संध्याकाळी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर आनंदानं नीलाला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही.

"उद्या सकाळी जाऊन खरं सांगून या," ती म्हणाली.

"अगं, तीन आठवडे राहिलेत. कायम झालो की सांगतो. आत्ता सांगितलं तर सरळ घरी पाठवतील. मामांनी कशासाठी अंगावर घेतलं मग?"

"मामांनी त्यांचा मोठेपणा केला. तुम्ही तुमचा करा."

त्यानं केला नाही. तीन आठवडे तो दर दुसऱ्या दिवशी, आधी हॉस्पिटलात आणि मग घरी, फळं घेऊन जायचा आणि दामाजीच्या डोळ्यांत बघायचं टाळायचा. तीन आठवड्यांनी त्याला कायम केल्याचं पत्र मिळालं. ऋतुराजनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. "सेफ्टीत आनंदाकाकांचा रेकॉर्ड क्लीन आहे," असंही तो म्हणाला. आनंदाला त्या टाळ्या सहन होईनात, पण पत्र त्यानं नीट घडी करून खिशात ठेवलं.

त्याच संध्याकाळी तो कोलशेत गावात गेला. दामाजी ओटीवर खुर्चीत बसला होता, पाय स्टुलावर. समोर खाडीकडे जाणारी गल्ली होती, पण त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती. जाणारे-येणारे कधी उठणार, कधी फिरणार विचारतात, त्याचा त्याला वीट आला होता. स्कूटर दिसत नव्हती. अनिशनं ती आपल्या एका मित्राला वापरायला दिली होती. टॉवरांची गिऱ्हाइकं आता फोनवर ऑर्डर देत आणि तोच मित्र माल पोचवी. पाय बरा झाला तरी बाबांच्या हाती गाडी नाही, असं अनिशनं साऱ्या घराला बजावलं होतं.

"झालास का रं पक्का?" दामाजीनं विचारलं.

"झालो मामा. आजच पत्र मिळालं."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तीन आठवड्यांत पहिल्यांदा तजेला आला. तो ताठ बसला आणि घरात तोंड करून त्यानं हाक दिली, "अनिश! ए अनिश, भायेर ये. आनंदा आयलाय, त्याला तुला काय तरी सांगायचंय."

मग हलक्या आवाजात आनंदाला म्हणाला, "आता खरं काय ते सांग पोऱ्याला. माजा हात चलतोय, डोकं जाग्यावर हाय, येवढंच सांग. माजी गाडी मना परत पायजे."

अनिश चहाचे कप घेऊन बाहेर आला. दांडगा, तापट माणूस. बापाच्या गुडघ्यासाठी त्यानं रात्री काढल्या होत्या. खरं कळलं तर तो इथं दोन शब्द बोलून थांबणार नव्हता, सकाळी सेंटरच्या फाटकावर उभा राहणार होता. आनंदाचा हात शर्टाच्या खिशावर गेला. आत पत्राची घडी लागत होती.

"बरं झालं आलात, आनंदाकाका," अनिश कप देत म्हणाला. "तुम्हीच समजवा यांना. तुम्ही तिथे होतात, तुमच्या डोळ्यांदेखत झालं सगळं. रोज गाडी, गाडी करतात. मी म्हणतो, परत काही झालं तर? या वयात झेपतं का हे? तुमचं ऐकतील ते."

दामाजी आनंदाकडे बघत होता. त्याची हनुवटी किंचित वर होती, जणू आता निकाल आपल्याच बाजूनं लागणार.

आनंदानं चहाचा एक घोट घेतला. चहा फार गरम होता.

"अनिश बरोबर बोलतोय, मामा," तो म्हणाला. "वय झालं आता. आराम करा."

अनिशनं समाधानानं मान डोलावली. दामाजी बराच वेळ आनंदाच्या तोंडाकडे बघत राहिला, तिथं अजून काही यायचं राहिलं असेल म्हणून. काही आलं नाही, तेव्हा त्यानं खुर्चीच्या हाताला धरून मोठ्या कष्टानं आपला पाय सरळ केला. दाराच्या आत, खुंटीवर स्कूटरचा जादा चार्जर लोंबत होता. तिकडे बोट दाखवून तो मुलाला म्हणाला,

"त्यो पन देऊन टाक त्या मित्राला. हितं नुसताच टांगलाय."

आनंदा चहा संपेपर्यंत बसला.