कोलामीचा दाखला

मानववंशशास्त्र आणि भाषाशास्त्र अशा जोडविषयात मला पीएचडी करायची होती. मातृभाषेखेरीज आणखी एक भाषा येते, असा दाखला जोडायची अट होती. मी अर्जात 'कोलामी' लिहिलं.

टेबलामागच्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "हिचा दाखला कोण देणार? फ्रेंच, जर्मन काही येत नाही का?"

चार वर्षं कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, तिथल्या भीमाबाईंच्या चुलीशी बसून मी ती शिकले होते. ज्या भाषेत माणसं भांडतात, लेकरं निजवतात, तिला शिक्का नाही म्हणून ती भाषाच नाही?

"परीक्षा घ्या," मी म्हणाले. "परीक्षक मी आणते."

सोमवारी भीमाबाई आल्या. विभागप्रमुखांसमोर त्यांनी मला तासभर बोलतं केलं.

"पास का?" प्रमुखांनी विचारलं.

"बोलते बरी," भीमाबाई म्हणाल्या. "आता तुमच्यातलं कोण बसतंय परीक्षेला?"