रक्तगटाचा तक्ता

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आनुवंशिकीचं नवं पुस्तक लावायचं होतं. ते निवडणारी समिती म्हणजे विभागप्रमुख सर आणि मी. अभ्यासक्रम बदलल्यामुळे जुन्या पुस्तकाला निरोप द्यायला अधिकृत कारण मिळालं होतं. अडचण एवढीच, की जुनं पुस्तक सरांनीच लिहिलेलं होतं.

मुलांना ते आवडायचं, कारण परीक्षेच्या आदल्या दिवशी ते वाचून संपायचं. यादीतलं दुसरं पुस्तक परदेशी, उशीएवढं जाड. त्यात पहिली शंभर पानं लेखकाचं कौतुक होतं असा मला दाट संशय आहे, कारण ती मी वाचली नाहीत. तिसरं साधं, सरळ, भरपूर आकृत्यांचं. मला तिसरं हवं होतं. सरांना स्वतःचंच हवं होतं, सुधारित आवृत्ती म्हणून. सुधारणा म्हणजे मुखपृष्ठ हिरव्याचं निळं होणार होतं.

मी विरोध केला नाही. आमच्याकडे विरोध म्हणजे फाइल कपाटात पडून राहू देणं. ती दोन महिने पडून राहिली.

मग रक्तदान शिबिर झालं. सोनगीरहून येणारी एक मुलगी होती, वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, सगळं शब्दशः खरं मानणारी. शिबिरात तिचा गट ओ निघाला. आईच्या ऑपरेशनच्या वेळच्या कागदांत आईचा ए आणि वडिलांचा बी. तिने सरांचं पुस्तक उघडून तक्ता पाहिला. ए आणि बी यांच्यासमोर छापलं होतं: मूल फक्त एबी.

पोरीने तो तक्ता जेवताना घरात वाचून दाखवला. आईने ताट सरकवलं आणि दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वडील मोटरसायकलवरून कॉलेजात आले. पिशवीत पुस्तक, मागे मान खाली घातलेली मुलगी. स्टाफरूममध्ये मी आणि सर चहा पीत होतो. त्यांनी पुस्तक माझ्यासमोर उघडलं, तक्त्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे अहिराणीत म्हणाले, "मॅडम, पोर मनी शे. पुस्तक कोनं शे?"

पोर त्यांचीच होती; पुस्तक कोणाचं, एवढंच त्यांना हवं होतं. मी सरांकडे पाहिलं नाही. फार प्रयत्नाने पाहिलं नाही.

सर कप खाली ठेवून म्हणाले, "माझं आहे, भाऊ."

छपाईची चूक, असं ते म्हणतील अशी माझी खात्री होती. ते म्हणाले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि स्टाफरूमच्या फळ्यावर आई आणि बाप दोघांच्या जोड्या मांडल्या. ए गटाच्या आईत ओ लपलेला असू शकतो, बी गटाच्या बापातही. दोघांनी आपापला लपलेला दिला की लेकरू ओ. चौकोनात चारही गट आले. वडिलांनी ते दोनदा समजावून घेतलं, मग मुलीला वहीत उतरवायला सांगितलं, घरी दाखवायला. चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

ते गेल्यावर मी सरांना चार शब्द ऐकवणार होते. पुस्तक हातात घेतलं आणि लक्षात आलं, की चार वर्षं मी तेच पान शिकवत होते. फळ्यावर चौकोन बरोबर काढायचे आणि "तक्ता घरी पाठ करा" म्हणून पुढे जायचे. तक्ता मी एकदाही वाचला नव्हता. चार तुकड्यांनी तो पाठ केला असणार, आणि त्यांतल्या कोणाकोणाच्या घरी काय झालं असेल, ते विचारायला मी कधी गेले नाही. त्यामुळे ऐकवायचे चार शब्द गिळले.

सरांनी कपाटातून फाइल काढली, तिसऱ्या पुस्तकापुढे सही केली आणि माझ्याकडे सरकवली. चर्चा झाली नाही. इतिवृत्तात मी मात्र "सविस्तर चर्चेअंती" असं लिहिलं.

पुढच्या आठवड्यात ते ग्रंथालयात निळं पेन घेऊन बसलेले दिसले. जुन्या पुस्तकाच्या सगळ्या प्रती मागवून तक्ता दुरुस्त करत होते. मी म्हटलं, आता कोण वाचणार आहे ही. ते म्हणाले, "फुकट मिळतंय म्हटल्यावर कोणीतरी वाचेलच." मी शेजारी खुर्ची ओढली आणि अर्ध्या प्रती माझ्याकडे घेतल्या.