ऑकलंडपर्यंतचं गाऱ्हाणं

"मोपा विमानतळ ते ऑकलंड बारा हजार किलोमीटरच्या वर," लेकीने फोनवर सांगितलं, तेव्हा माझ्या नवऱ्याचा पहिला प्रश्न, "मधी खंयखंयच्यो शिवो लागतत?"

लेक हसली. मला हसू आलं नाही. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते आणि मी बाळंतपणाला निघाले होते. एकटी, जन्मात पहिल्यांदा विमानाने.

आमच्यात कोणी लांब निघालं की घरचा कर्ता देवळात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घालतो. वाटेतल्या एकेका शिवेवरच्या राखणदार देवाला हाक मारायची, एकही विसरायचा नाही. ह्यांच्या गाऱ्हाण्याची मजल आजवर तळेरे गाव ओलांडून कोल्हापूरपर्यंत. म्हणून मी शिकवायचे त्या शाळेतला जुना नकाशा जमिनीवर पसरून ते पेन्सिलीने रेघ ओढत बसले. मोप्याहून मुंबई तासभर, पुढे सिंगापूर साडेपाच तास, तिथून ऑकलंड दहा तास. शेवटी शेवटी तर नुसतं निळं.

"दर्यार राखणदार कोण?" त्यांना घोर लागला. बाहेर काजू झाडाखाली पडून कुजत होता आणि हा माणूस नकाशावर पालथा!

"देवाक वाट ठावक आसा, तुमी उठा बघू," मी खेकसले.

निघायच्या सकाळी देवळात त्यांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, तुजा लेकरू आज शिवेभायर जाता..." गोव्याच्या हद्दीवरचा इन्सुलीचा नाका झाला, मोपा झालं, मुंबई झाली, सिंगापूर झालं, दर्या झाला. जमलेले चौघे "व्हय म्हाराजा" म्हणत होते. गाऱ्हाणं मला ऑकलंडला पोचवून, सुखरूप परत आणून संपलं. पोरीचं नाव नाही, बाळाचं नाही. मी सगळ्यांदेखत ओरडले, "ओ, माझा काय घेवन बसलास? चेडवाचा मागा!" त्यांनी मान खाली घालून नारळ फोडला. मोप्यापर्यंत मी गाडीत त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

विमानात राग हळूहळू विरघळला. समोरच्या पडद्यावर एवढंसं विमान मुंगीसारखं सरकत होतं. घड्याळ भलतंच काहीतरी सांगत होतं. जेवण आलं ते दुपारचं की रात्रीचं, कळेना. खिडकीबाहेर ढगांचे पांढरे मळे, कापायला कोणीच नाही. डोळा लागला की लेक लहान होऊन अंगणात पळायची, जाग आली की पुन्हा विमानाचा तोच गुणगुणता आवाज. आपण कुठेच जात नाही, पृथ्वीच सावकाश मागे सरते आहे, असं वाटत राहिलं.

विमानतळाच्या दारात जावई उभा होता. "आई, तीन तासांपूर्वी मुलगी झाली. दोघीही छान आहेत."

मी तिथल्या तिथे फतकल मारली आणि घरी फोन लावला. तिकडे जेमतेम पहाट होती, पण पहिल्याच रिंगला ह्यांनी उचलला.

"नात झाली! दोघी बऱ्या आसत. आता तरी सांगा, देवळात तोंड कित्याक शिवलेला?"

ते म्हणाले, "गेल्या खेपेक मागलेला गो. तिचा नाव घेवन, बाळाचा घेवन, सगळा मागलेला. ह्या खेपेक तोंडातसून नावच येयना."

चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांचं रडणं मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि पाठीवर हात ठेवायला मी तिथे नव्हते.